कीर्दीची खतावणी

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतात. आपण सहजपणे 'वहीची पूजा' म्हणतो; पण पाटावर नीट पाहिले तर तेथे मांडलेल्या वह्या निदान दोन असतात. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दोहोंवर हळदकुंकू सारखेच वाहतात, दोहोंच्या पहिल्या पानावर 'श्री' सारखाच लिहितात, आणि गंमत अशी की दोहोंत पुढे वर्षभर मजकूरही एकच उतरतो. तोच तांदूळ, तीच उधारी, तेच रुपये. मग एकाच मजकुराला दोन वह्या कशाला, असा प्रश्न लहानपणी पुष्कळांना पडलेला असेल. त्याचे उत्तर पेशव्यांच्या फडापासून आजच्या संगणकापर्यंत जाते. फराळाचे ताट हाताशी असताना एवढी मजल मारायला वाचकांची हरकत नसावी.

समजा, कल्याणच्या बाजारात एक भाताचे दुकान आहे. कार्तिक शुद्ध द्वितीयेला रुंद्याचा गणू दोन मण तांदूळ उधार नेतो. तृतीयेला टिटवाळ्याचे भटजी मागची पाच रुपयांची बाकी फेडतात. पंचमीला गणू पुन्हा एक मण नेतो, सप्तमीला दोन रुपये आणून देतो. दुकानदार हे सगळे ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने कीर्दीत लिहितो. जमा एका अंगाला, नावे दुसऱ्या अंगाला. लिहिणाऱ्याला हाच क्रम सोयीचा, कारण व्यवहार दिवसामागून दिवस असेच दारात येतात. पण वर्षअखेर मालक विचारतो, "गणूकडे येणे किती?" कीर्दीला हा प्रश्न समजत नाही. तिला तिथी समजते, गणू समजत नाही. म्हणून मुनीम रात्री कंदिलापाशी बसून कीर्दीतील एकेक कलम उचलतो आणि खतावणीत ज्याच्या त्याच्या नावाच्या पानावर टाकतो. गणूचे पान उघडले की प्रश्नाला उत्तर तयार. सगळ्या पानांच्या बाक्या एका कागदावर उतरवल्या की तेरीज झाली, आणि दोन्ही बाजूंचा ताळा जमला की मुनिमाला झोप लागली.

माझी उभी हयात टिटवाळ्याहून लोकलने मुंबईस जाऊन हिशेबाच्या कचेरीत खर्डेघाशी करण्यात गेली; तेव्हा हे शब्द मला कोशातून काढावे लागले नाहीत. पण ते नव्याने आठवण्याचे कारण निराळे. माझी पुतणी संगणकाचे शिक्षण घेते. एके दिवशी ती आपल्या पडद्यावर एक लांबलचक कोष्टक घेऊन बसली होती. खाली तिने एक ओळ लिहिली. तिचा मराठी अर्थ असा : ह्या कोष्टकाचे 'नाव' ह्या रकान्यावरून गट पाड आणि प्रत्येक गटातील 'रक्कम' ह्या रकान्याची बेरीज दे. कळ दाबली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजारो ओळींच्या जागी शेदीडशे ओळी, प्रत्येकीपुढे बाकी. "ह्याला ग्रुपबाय म्हणतात, काका," ती म्हणाली. मी म्हटले, "ह्याला खतावणी म्हणतात." तिने तो शब्द ऐकलेला नव्हता.

ज्या साहित्याने तिने हे केले त्याला त्या विद्येत 'लायब्ररी' म्हणतात. तेथे पुस्तक औषधालाही नसते. दुसऱ्या कोणी लिहून, तपासून ठेवलेल्या कृतींचा तो संच. आपण नाव घेऊन हवी ती कृती बोलवायची. तिच्या संचाचे नाव 'पांडाज'. नावावरून मला आधी चिनी अस्वल आठवले, पण त्याचा उगम अर्थशास्त्रातील 'पॅनेल डेटा' ह्या शब्दात आहे. वेस मॅकिनी नावाच्या अमेरिकन तरुणाने २००८ साली एका गुंतवणूक पेढीत नोकरी करताना तो रचायला घेतला आणि पुढच्या वर्षी सर्वांसाठी खुला झाला. कोष्टकातील हव्या त्या ओळी वेचणे, गट पाडणे, बेरजा करणे, दोन कोष्टके एका समान रकान्यावरून जुळवणे, आडवे कोष्टक उभे करणे, ही त्याची मुख्य कामे. पुतणी एकेक कृती दाखवी आणि मी तिचे जुने मराठी नाव सांगे, असा आमचा खेळ दोन-तीन संध्याकाळ चालला. तिला तो नुसता खेळ वाटला. मला मात्र त्यात मराठी राज्याच्या दफ्तराचा सबंध इतिहास दिसू लागला.

इतिहास म्हटला की आपल्याला भगवा जरीपटका, घोड्यांच्या टापा आणि पानपत आठवते. पण पानपताच्या स्वारीसाठी कर्ज कोणाकडून आणि किती काढले हे सांगणारा कारकून कोणाला आठवत नाही. पुण्याच्या हुजूर दफ्तरात पेशवाईच्या ऐन भरात दोनशेवर कारकून राबत. त्या दफ्तराची दोन मुख्य अंगे होती : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात रोजचा व्यवहार. सरंजाम, इनाम, फौजेचा खर्च, कमाविसदारांचे हिशेब. एकबेरीज दफ्तराचे नावच बोलके आहे. सगळ्या खात्यांचे कागद तेथे येत. त्यांचे वर्गवार गोषवारे तयार होत, खतावण्या होत, आणि दौलतीचा जमाखर्च एका नजरेत घेता येईल असा केला जाई. नाना फडणिसांनी ह्या यंत्राला जी शिस्त लावली तिची तारीफ पुढे इंग्रज अंमलदारांनीही केली. नाना बारभाईंचे कारस्थानी म्हणून प्रसिद्ध आहेत. माझ्या मते ते आधी फडणीस होते आणि मग बाकीचे सगळे. कोणाकडे किती येणे आहे हे ज्याला उभ्या दौलतीत सर्वांत आधी कळते, त्याला कारस्थानासाठी वेगळे सामर्थ्य लागत नाही.

आता आमच्या गावाचेच उदाहरण घेऊ. टिटवाळ्याचा महागणपती शकुंतलेने पूजिला अशी आख्यायिका आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात गावच्या तळ्यातील गाळ काढताना गाळाखाली देऊळ आणि मूर्ती सापडली, असे येथे सर्वजण सांगतात. अंगारकीला पहाटेपासून लागणाऱ्या रांगेत उभे असताना हे मी शंभरदा ऐकले आहे. माधवरावांची कारकीर्द १७६१ ते १७७२. समजा, एखाद्याला त्या वर्षांत कल्याण प्रांतात कोणकोणत्या देवस्थानांना काय दिले गेले ते पाहायचे आहे. पेशव्यांच्या रोजकीर्दी आहेत. पण त्या आपल्या भाताच्या दुकानासारख्याच, तिथीवार. 'टिटवाळे' म्हणून हाक मारली तर त्या ओ देणार नाहीत. तिथी सांगा, पान उघडेल. तिथी ठाऊक नसेल तर अकरा वर्षांचे पानन् पान वाचा, आणि तेही मोडीत.

त्यात तिथी म्हणजे तरी काय! वर्ष अंकांत नव्हे, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. शुहूर सन ११६१. त्यात मृगाच्या आधीच्या महिन्यांसाठी ६०० आणि नंतरच्यांसाठी ५९९ मिळवले की इसवी सन. पानपताची १४ जानेवारी १७६१ ह्याच अरबी वर्षात पडते. शिवाय शालिवाहन शक आहे, फसली आहे, राज्याभिषेक शक आहे. आमच्या संशोधकांनी जंत्र्या रचण्यात आयुष्ये घातली ती उगीच नव्हे. एका मापातील रकाना दुसऱ्या मापात नेल्याशिवाय दोन कागद शेजारी ठेवता येत नाहीत. पुतणीच्या संचात तारखांचे रूपांतर करणाऱ्या कृती आहेत. शुहूर सनाची कृती मात्र तिला स्वतः लिहावी लागली. सात-आठ ओळींत झाली. मृगाचा दिवस कोणता धरायचा ह्यावर आमचा वाद झाला तो अर्धा तास वेगळा.

दुसऱ्या बाजीरावाने हे यंत्र मोडकळीस आणले. नोकरवर्ग उठवला, कागद ज्याने त्याने न्यावेत अशी स्थिती झाली. १८१८ साली इंग्रजांच्या हाती दफ्तर आले तेव्हा त्यांना ते पुन्हा लावून घ्यावे लागले. त्यांनी ते इतिहासाच्या प्रेमाने लावले, असे कोणी समजू नये. त्यांच्यापुढे एक प्रश्न होता : ह्या मुलखात करमाफीची इनाम जमीन कोणाकडे आहे, आणि ती खरोखर कोणी दिली होती? १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार मिळाला, आणि पेशवे दफ्तर हा त्याचा मुख्य साक्षीदार झाला. इनामदाराच्या घरातील सनद एका हाती आणि दफ्तरातील नोंद दुसऱ्या हाती. दोन कोष्टके समान रकान्यावरून जुळवावीत तशी ती जुळवली गेली. ज्याची ओळ दोन्हीकडे मिळाली तो तरला. ज्याची सनद वाळवीने खाल्ली होती किंवा ज्याच्या नावाचा कागद बाजीरावाच्या गोंधळात गेला होता, त्याला आपला हक्क शाबीत करता करता नाकी नऊ आले. हजारो इनामे खालसा झाली. आमचे लोकहितवादी, गोपाळ हरी देशमुख, १८५६ पासून ह्याच कमिशनात असिस्टंट कमिशनर होते. शतपत्रांतून समाजाला जागे करणारा हा पुरुष दिवसा रुमाल सोडवीत होता, हे मला फार विचार करण्याजोगे वाटते. (रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे फडके आणि पुढे त्यातील गठ्ठाही, पुण्यात आजही पेशवे दफ्तराची मोजदाद रुमालांत करतात, आणि मराठी रुमालच २७ हजारांच्या घरात आहेत.)

एवढे करून सरकारने दफ्तर खुले केले का? छे. महसुलाला उपयोगी ते सरकारने पाहून घेतले आणि दार ओढून घेतले. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड ह्यांनी रोजनिशीतून उतारे निवडले, ते एकोणिसाव्या शतकाअखेर न्यायमूर्ती रानड्यांच्या हाती आले आणि त्यावर त्यांनी आपली प्रसिद्ध प्रस्तावना लिहिली. पण सामान्य संशोधकाला दफ्तरात पाऊल टाकणे दुर्घटच होते. म्हणून राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले आणि बाहेरच्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचे बावीस खंड उभे केले. शेवटी १९३० साली रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांना दार उघडले. त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी चार वर्षांत रुमालांचे डोंगर उपसून ४५ भाग छापले. दफ्तरातील क्रम बाजूला ठेवून त्यांनी विषयवार क्रम लावला. म्हणजे पुन्हा तेच! कीर्दीची खतावणी.

राजधानीचे झाले, आता गावाकडे वळू. गावात हे सामर्थ्य एकाच्याच हाती होते आणि तो म्हणजे कुलकर्णी. त्याची वही त्याच्या घरी, तिची लिपी मोडी, आणि ती फिरवून वाचण्याची विद्या त्याच्याच कुळात. कुणब्याला आपल्या शेताचा सारा किती हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात कुलकर्ण्याच्या लेखणीवर जे आसूड ओढले आहेत, ते जातीचे आहेत तसेच ह्या मक्तेदारीचेही आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई इलाख्यात ते १९५० च्या कायद्याने झाले. आता वही सरकारची झाली. मोडीही गेली. फिरवण्याची विद्या मात्र कचेरीतच राहिली.

तेवढ्यात सातासमुद्रापलीकडे एका माणसाने ह्या विद्येच्या मुळालाच हात घातला होता. एडगर कॉड हा जन्माने इंग्रज, नोकरीने आय.बी.एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनशाळेत. त्या काळच्या संगणकांतही माहिती आमच्या रुमालांसारखीच असे : कोणता गठ्ठा, त्यात कोणते पुडके, त्यातून पुढे कोठे, ही वाट ठाऊक असलेल्यालाच उत्तर मिळे. कॉडने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून म्हटले की माहिती साध्या कोष्टकांत ठेवा, आणि विचारणाऱ्याला ती कोठे व कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे ठाऊक असण्याची गरजच पडू देऊ नका. काय हवे ते त्याने सांगावे, वाट यंत्राने शोधावी. चार वर्षांनी त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस ह्या दोघांनी असे प्रश्न विचारण्याची भाषा बेतली. तीच पुढे एस.क्यू.एल. झाली. पुतणीचा संच त्याच घराण्यातला. इतिहासाचार्य राजवाड्यांना कोणी म्हटले असते, "रुमाल कोठे आहे ते विचारू नका, प्रश्न सांगा," तर त्यांनी त्या माणसाला मिठी मारली असती किंवा वेडा म्हणून हाकलून दिले असते. राजवाड्यांचा स्वभाव पाहता मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

आपल्याकडे ही विद्या घरोघर पोहोचली ती सातबाराच्या रूपाने. सातबारा हा एक कागद नव्हे, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा ह्यांचे ते जोडनाव. सातमध्ये जमिनीवरचे हक्क, बारामध्ये पिके. ह्या उताऱ्याचा क्रम जमिनीचा आहे : गट नंबर सांगा, मालक सांगतो. माणसाचे नाव घेऊन 'ह्याची जमीन कोठे कोठे' असे विचारायचे असेल तर तो चालत नाही. त्यासाठी नमुना आठ-अ आहे, खातेदाराच्या नावाचा. सात म्हणजे कीर्द, आठ-अ म्हणजे खतावणी! पूर्वी तलाठी (सरकारने त्यांना अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले आहे) एकावरून दुसरा हाताने तयार करीत. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला.

पण रकान्यात जे लिहिलेच नाही ते कोणताही संच काढून देत नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यात हे १ एप्रिल १९५७ ला कळले. कूळकायद्याने त्या दिवशी कसेल त्याला जमिनीचा मालक ठरवले. कृषक दिन म्हणतात तो हाच. कायद्याने दफ्तराला एकच प्रश्न विचारला : आज हे शेत कोण कसतो? ज्याचे नाव वहिवाटीला लागले होते त्याला खरेदीचा हक्क आला. जो पिढ्यान्पिढ्या चिखलणी करत होता पण ज्याचे नाव सावकाराने किंवा खोताने कधी लागूच दिले नव्हते, त्या आगऱ्याला, ठाकराला, कातकऱ्याला साक्षीदार गोळा करून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. भात त्याने लावले, हे उभ्या गावाला ठाऊक. वहीला ठाऊक नाही.

हे मी पुतणीला सांगत होतो त्याच सुमारास आमच्या शेजारच्या मावशी काही उतारे घेऊन आल्या. काळू नदीच्या दोन्ही अंगांना त्यांच्या माहेरची थोडी थोडी जमीन. मांडा, रुंदे आणि फळेगाव अशा तीन गावांत विखुरलेली. टिटवाळ्याला इमारती उठू लागल्यापासून भावकीत ह्या जमिनींची बोलणी सुरू झाली होती, आणि वडिलांच्या नावावर एकूण किती आहे हे मावशींना एकदा स्वतः कळायला हवे होते. आठ-अ गावापुरताच बोलतो. तीन गावे एकत्र करायची तर उतारे जुळवावे लागतात. पुतणीने सगळे उतारे कोष्टकात उतरवले आणि तीच ओळ लिहिली : नावावरून गट पाड, क्षेत्राची बेरीज दे.

उत्तर आले ते तीन माणसांचे. एका गावात वडिलांचे पूर्ण नाव, दुसऱ्यात घरचे हाक मारायचे नाव, तिसऱ्यात आजोबांच्या नावाचा शेवटचा काना गळालेला. यंत्राच्या लेखी काना गळाला की माणूस बदलला. पुतणी म्हणाली, ह्या कामात गट पाडायला एक क्षण लागतो आणि नावे सारखी करायला सगळा दिवस. ती संशयाने तिन्ही नावे वाचून दाखवू लागली, तशी मावशी हसल्या.

"तिघं नाय गो. एकच मानूस. माझा बापूस."

पुतणीने एक छोटे वेगळे कोष्टक केले. एका रकान्यात कागदावर लिहिलेले नाव, दुसऱ्यात खरा माणूस. ते मोठ्या कोष्टकाशी जुळवले आणि ओळ पुन्हा चालवली. आता एकच नाव, एकच बेरीज : ० हेक्टर ४७ आर. "गुंठ्यांत सांग," मावशी म्हणाल्या. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, गुंठा किंचित मोठा. तिने तेही एका ओळीत करून दिले. साडेसेहेचाळीसच्या आसपास आले. मावशींनी तो आकडा दोनदा म्हणून घेतला, पदराला गाठ मारावी तसा.

मग त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आयशीचं नाव बघ ना कुठं हाय का." बायकांची नावे पुष्कळदा मालकांच्या ओळीत नसतात, 'इतर हक्क' ह्या रकान्यात बारीक अक्षरात, एखाद्या फेरफाराच्या नंबरापुढे असतात. तो रकाना म्हणजे सरळ कोष्टक नव्हेच, वाक्येच्या वाक्ये. ती वाचूनच उतरवावी लागतात. पुतणीने चष्मा पुसला, पहिला उतारा समोर ओढला, आणि मावशी शेजारी खुर्ची ओढून बसल्या.